पाण्याखालचे सासरे

हसणार नाही म्हणत असाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण आधी तो कप खाली ठेवा, उगाच ठसका लागायचा.

आमचे सासरे, बाबा, अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकले. गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टर म्हणाले पाण्यात उतरा. आता हा माणूस जन्मभर पाण्याला घाबरलेला! विसर्जनालासुद्धा लांबूनच हात जोडणार. पण उतरले. डोंबिवलीतल्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या पूलमध्ये दोन महिने काठ धरून पाय मारले, आणि एका शनिवारी जाहीर केलं, "उद्या पूल आडवा पार करणार!"

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नाही विश्वास ठेवायची."

"मग या ना आई बघायला."

"मी नाही बाई. सगळे उघडे पुरुष तिकडे!"

झालं, मला सुचलं! तारकर्लीला मासे टिपायला म्हणून नवऱ्याने एक काडेपेटीएवढा कॅमेरा घेतलेला. पाण्याखाली चालणारा. तारकर्ली राहिली, कॅमेरा कपाटात. म्हटलं, आई, घरबसल्या दाखवते तुम्हाला, तेसुद्धा पाण्याखालून!

एवढ्यावर थांबावं की नाही? नाही! माझी नणंद, सुनीताताई, कोपरीला राहते. तिला फोन केला. "ताई, उद्या संध्याकाळी सगळे या. बाबांचा व्हिडिओ बघायचाय!"

रविवारी सकाळी उतरलो पाण्यात. मला मायनस पाचचा नंबर. चष्मा काढला की माणूस म्हणजे नुसता ढग. टोपी कानांवर ओढलेली, त्यामुळे ऐकायलाही धड येत नव्हतं. आणि ज्येष्ठांच्या बॅचचा नियम काय, तर सगळ्यांना निळी टोपी, काळी चड्डी. पोटंही साधारण एकाच मापाची हो!

बाबा म्हणाले, "निघतो हं." मी कॅमेरा चालू केला, श्वास कोंडून बुडी मारली आणि समोरची निळी टोपी हलली तशी तिच्या मागे लागले. पाणी छातीएवढंच होतं. चालायचं, बुडायचं, वर यायचं, परत बुडायचं. मध्येच एक काका कडमडले. त्यांना सरळ हाताने बाजूला सारलं. पण शूटिंग सोडलं नाही!

बाहेर येऊन बघते तर बाबा काठावर बसलेले, चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"पार झाला?"

"झाला की!"

"आणि मी सगळं घेतलंय!"

त्यांनी टोपी काढून पिळली. म्हणाले, "बरं. पण दाखवायचं कशाला सगळ्यांना? राहू दे."

मला वाटलं, काय हा विनय!

संध्याकाळी ताई, तिचे मिस्टर, दोन्ही मुलं हजर. मी साबुदाणावडे तळले. कॅमेरा टीव्हीला जोडला. पडद्यावर निळंशार पाणी, बुडबुडे, आणि सपसप हलणारे दोन पाय. माझी छाती फुगलेली.

"हे कोण?" सासूबाई.

"अहो आई, बाबा!"

"हॅ! चाळीस वर्षं ते पाय माझ्यासमोर टीपॉयवर पसरलेले असतात. हे पाय ह्यांचे नाहीत."

"आई, पाण्यात वेगळे दिसतात."

तेवढ्यात पडद्यावर बाजूने दुसरी निळी टोपी आली. माझा हात दिसला. हाताने त्या टोपीला ढकललं. कॅमेरा पाण्याबाहेर आला आणि अख्ख्या हॉलमध्ये माझा आवाज घुमला, "अहो काका, सरका ना! माझ्या सासऱ्यांचं शूटिंग चाललंय!"

आणि समोरून, स्वच्छ, बाबांचा आवाज, "अगं मेघा, मीच तुझा सास..." पुढे बुडबुडे.

ताई सोफ्यावरून घसरली. तिच्या मिस्टरांना वडा लागला घशात. मुलांनी तेवढाच तुकडा सहा वेळा लावला!

"मग हे आहेत कोण?" मी कसंबसं विचारलं.

"बी विंगमधले गुप्ते," बाबा शांतपणे म्हणाले. "बिचारे रोज मध्येच उभे राहतात. आज तू मागे लागलीस म्हणून पहिल्यांदा पार गेले. मघाशीच विचारत होते, व्हिडिओ कधी मिळेल?"

"बाबा, तुम्ही सकाळीच का नाही बोललात?"

"तू वड्यांचा साबुदाणा भिजवून बसलेलीस!"

सासूबाईंनी निकाल दिला, "थोडक्यात, ह्यांनी पार केला याला पुरावा नाही."

मला रडूच आलं हो. दोन महिन्यांची मेहनत माणसाची! म्हटलं, "बाबा, येत्या रविवारी परत घेते. चष्म्याच्या नंबरचा गॉगल आणते. एक इंच सोडणार नाही तुम्हाला."

तर बाबा घाबरलेच! "नको, नको! अगं, कॅमेऱ्याच्या धास्तीने मला काल रात्री झोप नव्हती. तू गुप्त्यांच्या मागे गेलीस, माझा जीव हलका झाला, म्हणून तर पार गेलो!"

पुढच्या रविवारी सासूबाई स्वतः आल्या. पदर सावरून, मान ताठ, खुर्चीत बसल्या. बाबांनी एकदाच पलीकडे पाहिलं आणि निघाले. मध्ये थांबले नाहीत. पलीकडच्या काठाला हात लागला तेव्हा सासूबाई चक्क उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, उघड्या पुरुषांसमोर!

आणि मी? मी कुठे होते? नवा गॉगल लावून, बाबांच्याच सांगण्यावरून, पूलच्या दुसऱ्या टोकाला गुप्तेकाकांच्या मागे. त्यांचा दुसरा व्हिडिओ पहिल्यापेक्षा फारच छान आलाय. बघायचाय?