सरकारचे पुढचे खूर

माझी मैत्रीण घोडेस्वारी शिकवते. तबेल्यात सगळे तिला मास्तरीण म्हणतात. तिच्या घोडीचं नाव सरकार. ही सरकार काही दिवस चालता चालता ठेचकाळत होती. एकदा गुडघ्यांवर पडली आणि मास्तरणीचा खांदा निखळला.

तबेल्याचे मालक म्हणाले, "विकून टाकू. लहान मुलं बसतात तिच्यावर."

"खांदा बरा झाला की मी बसून दाखवते. मग ठरवा," ती म्हणाली. हात झोळीत होता. मी असते तर त्या तबेल्याच्या वाटेला गेले नसते.

झोळी सुटल्यावर तिने सुरुवात स्वतःपासून केली. मला मोबाइल देऊन चित्रण करायला मैदानाच्या कठड्याशी उभं केलं आणि स्वतः घोडीवर बसली. चित्रण बघून तिला हसू आलं.

"अगं, मी घोडीवर बसलेय की हरवलेलं कानातलं शोधतेय?"

पडल्यापासून ती पुढे वाकून सरकारच्या पायांकडेच बघत होती. सगळा भार पुढच्या पायांवर. घोडी अडखळली की घाबरून लगाम खेचत होती, त्यामुळे घोडीला सावरायला मान मोकळी मिळत नव्हती.

ती ताठ बसू लागली. नजर समोर. ठेचा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. डॉक्टरांनी घोडीचे पाय तपासले. दुखणं नव्हतं. पुढच्या खुरांची टोकं मात्र लांब होती, ती जमिनीला अडकायची. आणि खूर कापून नाल ठोकणारे नालबंद म्हणजे मास्तरणीचे सख्खे काका.

मागे एकदा सरकारचा खूर काकांच्या हातून जास्त कापला गेला आणि रक्त आलं होतं. तेव्हापासून तिच्या खुरांशी त्यांचा हात आखडायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलणार कोण?

"काका, टोकं लांब आहेत."

"तू खाली बघतेस म्हणून अडखळते ती."

"बघत होते. सोडलं. आता तुमची पाळी."

"मला शिकवतेस? तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून नाल ठोकतोय मी."

"म्हणूनच दुसऱ्याला बोलावलं नाही. पाय मी धरते, तुम्ही कापा."

काकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग बसले. थोडं कापायचे, थांबायचे, अंगठ्याने दाबून बघायचे. तिने दुखऱ्या खांद्यानिशी पाय धरून ठेवला. शेवटी कानस फिरली, नवे नाल बसले.

रविवारी मालक कठड्याशी येऊन उभे राहिले. सरकार समोरच्या चढावरच्या खडकाळ वाटेने वर गेली, नीट गेली. उतरताना एका दगडाला अडखळली. मास्तरणीने खाली बघितलं नाही. लगाम सैल सोडला. घोडीने मान लांब केली, तोल सावरला आणि तशीच पुढे निघाली.

"अडखळलीच की," मालक म्हणाले.

"मी सकाळी उंबऱ्याला अडखळलो," काका म्हणाले. "मलाही विकता का?"

"तुम्हाला घेणार कोण?" मालक घोडीकडे वळले. "राहू दे तिला."

मास्तरीण तोवर पुन्हा चढाकडे वळली होती.

"काका, दीड महिन्याने परत खूर कापायचे," तिने वरून सांगितलं. "विसरायचं नाही."