पंचफुलाबाईंचा संत्राबाजार

पांढुर्ण्याच्या एका कन्याशाळेत पंचफुलाबाई मेश्राम शिपाई होत्या. घंटा, पाणी, झाडलोट ही त्यांची रोजची कामं. पण जाम नदीकाठची माती हातात आली की त्या बोटभर उंचीची माणसं घडवत, चुलीच्या निखाऱ्यात भाजत आणि रंगवत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत छिंदवाड्याच्या शालेय प्रदर्शनासाठी चित्रकलेच्या हेमंत सरांनी त्यांच्याकडून बेचाळीस माणसं करून घेतली. विषय होता संत्राबाजार. संत्री निवडणाऱ्या बाया, पेट्या उचलणारे हमाल, भाव करणारा दलाल, सगळे होते. सरांनी नवाच आलेला झटपट गोंद आणून ती प्लायवूडच्या मोठ्या पाटावर चिकटवली.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना पत्र आलं. पाट तीन फुटांपेक्षा मोठा चालणार नाही. त्यांचा होता साडेचार फुटांचा.

सरांनी मातीची एक बाई ओढून पाहिली. ती हलली नाही. नेलपॉलिश काढायचं औषध लावलं, तर गोंदाआधी लुगड्याचा हिरवा रंगच निघाला. सर डोकं धरून बसले.

"सोडा बाई. या वर्षी नाही जमत."

"काऊन नाही जमत जी? माहे माणसं हायेत ते. मीच काढतो."

हे त्या बोलून तर गेल्या, पण काढायचं कसं ते त्यांनाही सुचत नव्हतं. दुपारी फाटकाबाहेर बर्फकांडीवाले दादाराव पेटीच्या झाकणाची मूठ दोरीनं बांधत बसले होते.

"तोच नवा झटपट गोंद लावला होता ना?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"दोनदा लावला. बर्फाच्या ह्या थंडीत टिकतच नाही ना बाई! जरा धक्का लागला का तडकून राहिला."

बाई तशाच माघारी धावल्या. सरांकडून आरी मागून घेतली आणि पाटाचे तुकडे केले, प्रत्येक माणूस आपल्या चौकोनी फळीसकट सुटा. ओल लागू नये म्हणून एकेकाला प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून दादारावांच्या पेटीत बर्फाखाली ठेवलं. तासाभरानं पहिला हमाल बाहेर काढला. त्याच्या पायाखाली पातळ पातं आडवं धरलं आणि वरून हलकेच टिचकी मारली.

टक्क! हमाल हातात आला, पाय शाबूत.

"सर, या इकडे!" त्या ओरडल्या, तशा वर्गातल्या पोरीही पळत आल्या.

दोन दिवस बाईंनी दुसऱ्या कुणाला पात्याला हात लावू दिला नाही. गार पडलेली बोटं पदरात धरून ऊब द्यायची आणि पुढचा माणूस घ्यायचा. एकेचाळीस धड निघाले. दलालाचा पाय मात्र घोट्यातून गेला. बाईंनी त्याच्या पुढ्यात मातीची पेटी ठेवून पाय झाकला. नव्या पाटावर माणसं जवळजवळ बसली आणि बाजारात खरीखुरी गर्दी दिसायला लागली.

छिंदवाड्याला परीक्षकांनी हिंदीत विचारलं, "ये किसने बनाया?"

हेमंत सर बाजूला सरकले. "या पंचफुलाबाईंनी. आमच्या शाळेत असतात."

बाईंनी पुढे होऊन माती कुठली, भाजली कशी ते सांगितलं आणि बर्फाची युक्तीही सांगितली. परीक्षक वहीत लिहून घेत होते. आपलं बोलणं कुणी लिहून घ्यावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बोलता बोलता त्यांचा आवाज मोठा झाला.

दुसरा नंबर आला. प्रशस्तिपत्रावर शाळेच्या नावाखाली सरांनी त्यांचं नाव घालायला लावलं होतं.

पुढच्या वर्षी सौंसरच्या एका शाळेनं मुलींना मातीकाम शिकवायला त्यांना बोलावलं. मुख्याध्यापिका अनुराधाबाईंनी वर्गात खुर्ची पुढे केली. पंचफुलाबाईंनी क्षणभर खुर्चीकडे पाहिलं, पदर सावरला आणि नीट टेकून बसल्या.

"चला पोरींनो," त्या म्हणाल्या, "आधी माती चाळून घ्या."