खालनं गाडी बघणारे दादा

गाडी धुवायला आली की दादा आधी पोतं अंथरून तिच्याखाली आडवे व्हायचे आणि बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत जायचे, बाजारात कलिंगड वाजवून बघतात तसे. "वरनं काय, समद्याच नटून येत्यात," म्हणायचे. "खालनं बघावं."

तुर्भ्याला मार्केटच्या मागे त्यांचं गाड्या धुवायचं सेंटर होतं. दादा साताऱ्याकडचे, आमच्या गावचे. नव्वद सालानंतर आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो, तेव्हा त्यांनीच मला काम दिलं. मला चारचौघांत बोलता येत नाही हे ओळखून त्यांनी मला गाडीच्या खालच्या बाजूला लावलं. गाडी दोन उंच ओट्यांवर चढली की मी तिच्याखाली. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. खाडीचं मीठ आणि खाणीची पूड मडगार्डच्या आत सिमेंटसारखी बसलेली असे. मी जोरात खरवडायला लागले की दादा अडवायचे. "भांडू नगं त्याच्याशी. भिजू दे, च्या पिऊन ये." चहा होईपर्यंत चिखल मऊ पडे, मग बांबूच्या चिपाटीनं खपलीसारखा निघे. ऑइलवर बसलेली काळी राड तेवढी रॉकेलनं सोडवायची.

दादा जुन्या गाड्या घेऊन विकतही. अशाच एका पांढऱ्या गाडीचा चिखल काढताना मागच्या सीटपुढे पाय ठेवतात तिथे माझी चिपाटी आरपार गेली. मी दादांना बोलावून भोक दाखवलं.

"बरं झालं घावलं," ते म्हणाले. "नवा पत्रा मारून घेतो."

दुसऱ्या दिवशी गेले तर गाडी खालून काळ्या रंगानं चकचकत होती. मला वाटलं, काम झालं.

ती गाडी आमच्याच घरांच्या ओळीत राहणारे शिंदे घेणार होते. घेण्याआधी ते घरी येऊन मला विचारून गेले. मी म्हटलं, "दादांनी नवा पत्रा मारलाय. घ्या." एवढं मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते.

महिनाभरात, गाडीत बसताना शिंद्यांच्या आईचा पाय पत्र्यातून खाली गेला. घोटा सोलवटला. शिंदे मला घेऊन सेंटरवर गेले. रंग खरवडला तर पत्रा नव्हताच. रंगाआधी भोकं बुजवायला भरतात त्या लांबीनं गोणपाटाचा तुकडा चिकटवलेला.

दादांनी शिंद्यांपुढे हात जोडले. "खालचं समदं हीच बघती. लाजरी हाय बिचारी, भोक दिसलं तरी बोलली नसंल. माझ्याकडं बघून माफ करा तिला."

मी खाली वाकून तो गोणपाटाचा तुकडा चाचपत राहिले.

"ताई, निदान मला तरी सांगायचं होतं," शिंदे म्हणाले. त्यानंतर नळावर मी दिसले की त्यांची बायको हंडा उचलून बाजूला व्हायची. माझा स्वभाव दादांनीच सांभाळला होता. तो असा वापरतील असं वाटलं नव्हतं.

मी काम सोडलं. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला दरवर्षी दादा यायचे. त्या दिवाळीतही आले, साडीची पिशवी घेऊन.

मी विचारलं, "दादा, तुम्ही माझं नाव का घेतलं?"

"अगं, तू घरचीच हायस. तुझं नाव घेतलं म्हणून काय झिजलं? आण फराळ."

मी फराळ दिला. पाट मांडला नाही, ओवाळलं नाही. त्यांनी चकली मोडून खाल्ली, "झक्कास झाल्यात" म्हणाले, आणि चहाची वाट बघत बसून राहिले.