जिलानी मिस्त्रीची पाच भोकं

नांदेडच्या इतवाऱ्यात जिलानी मिस्त्रीचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळातली एक खोली आणि भिंतीवर वडिलांच्या नावाचा जुना परवाना. पिकं राखायला ज्यांच्याकडे लायसनची बंदूक, ती माणसं भोकर-किनवटाहून इथंच यायची. माणूस तोंडाचा फाटका, पण हाताचा पक्का. एक खोड मात्र जन्माची: कुणी अपमान केला की सापासारखा डूख धरायचा.

तो डूख रामलिंगअप्पावर होता. भोकरजवळच्या खेड्यातला हा मोठा शेतकरी. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची रायफल होती. एक गोळी झाडली की दुसरी आपली आपण भरणारी. असली रायफल म्हणजे घरजावई. मान राखला तर गोड, नाहीतर ऐन पंगतीत रुसणार. पहिली गोळी माणूस हातानं भरतो, पुढच्या ती स्वतः भरते, म्हणून पहिली एकीकडे आणि बाकीच्या दुसरीकडे जायला बघतात. जिलानीनं तिचे स्क्रू एकसारखे आवळून दिले होते, लाकूड नळीला टेकत होतं तिथं घासून दिलं होतं, आणि बजावलं होतं, "आप्पा, आतून कोरडी ठिवा. तेल फडक्याला लावायचं, रायफलीला न्हाई."

पुढं पौषात हरभऱ्यात रानडुक्कर शिरलं. वनखात्याची परवानगी होतीच. अप्पाची पहिली गोळी हातभर बाजूला गेली, दुसरी अडकली, आणि डुक्कर वळलं ते थेट बांधावर उभ्या असलेल्या धाकट्या भावावर, सुदर्शनवर. सुदर्शनचा पाय मांडीपासून कापावा लागला.

अप्पानं भोकरच्या भरबाजारात छाती बडवून सांगितलं, "त्या जिलानीनं रायफलीचं वाटोळं केलं. माझ्या भावाचा पाय त्यानं खाल्ला." झालं. बाजारात सुटलेला शब्द कुणाला आवरतोय? गिऱ्हाईक आटलं. जुनी ओळखीची माणसंही दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागली. बायको चांदबी म्हणायची, "जाने देव जी, अल्ला देख लेता." जिलानी म्हणायचा, "अल्ला बघलच. पर त्याच्या आधी म्या बघणार हाय."

आणि दिवस आला. वर्ष सरलं, हरभरा पुन्हा घाट्यावर आला, डुकरं पुन्हा आली. वर्षभर तशीच पडून असलेली रायफल घेऊन अप्पा लातूरला गेला, तर तिथला म्हातारा कारागीर ती न खोलताच हात जोडून म्हणाला, "ही जिलानीशिवाय कुणाला उमगायची न्हाई." अप्पानं निरोप धाडला. जिलानी इतका खूश झाला की त्यानं चहात दोनदा साखर घातली. उलट निरोप गेला: येतो, पण रायफल खोलीन ती तुमच्या अंगणात, सगळ्या गावासमोर.

सकाळी कडाक्याची थंडी होती. अंगणात गाव जमलेलं, सुदर्शन खाटेवर, त्याची बायको सिंधु दाराच्या चौकटीला धरून. जिलानीनं रायफल खोलली आणि आत बघून गालात हसला. आतलं निघालं ते फडक्यात धरून बाजूला ठेवलं. चांगलं ताट समोर आल्यावर घाई कोण करतो? सगळं पुसून, रॉकेलनं धुऊन, सुकवून त्यानं रायफल जोडली, स्क्रू आवळले आणि अप्पाच्या हातात दिली. "लायसन तुमचं, चालवा तुम्हीच. मागं मातीचा बांध हाय, बिनघोर मारा."

अंगणापुढच्या रानात, सत्तर पावलांवर तेलाच्या डब्याचं झाकण लावलेलं. अप्पानं दुसऱ्या एका बाजेवर पोतं ठेवून पाच गोळ्या झाडल्या. झाकण आणलं. पाचही भोकं तळहाताखाली झाकतील अशी, पहिलीचं सुद्धा. गावानं मोजली. झाकण हातोहात फिरलं.

मग जिलानी उभा राहिला आणि मळलेलं फडकं वर धरलं. फडक्यात पांढरट, खवट गोळा होता, त्याला कुंकू चिकटलेलं.

"हुंगा! खोबरेल हाय. मागल्या साली दसऱ्यात ओतलं, थंडीत थिजलं, गोळी पुरती बसलीच न्हाई. पहिली वाकडी गेली, दुसरी अडकली. सांगा आता आप्पा, वाटोळं कोणी केलं? कोणी न्हाऊ घातलं तुमच्या रायफलीला?"

अप्पानं फडकं नाकाशी नेलं आणि मान खाली घातली. वर्षभराचं सगळं व्याजासकट वसूल झालं असं जिलानीला वाटलं, आणि लई गोड वाटलं.

"म्या घातलं," चौकटीतून आवाज आला. सिंधु होती. "खंडेनवमीला. समद्या हत्यारांना हळदकुंकू लावलं. ह्येंना शेतात जायचं व्हतं, म्हणून रायफलीला वाटीभर तेल जास्तीचं घातलं. तिनं राखावं म्हणून."

सुदर्शननं तोंड भिंतीकडे फिरवलं. अप्पानं खरोखरच हात जोडले, "चुकलं माझं, मिस्त्री," म्हणाला. पण ज्या शब्दासाठी जिलानी वर्षभर जळला होता, तो त्याला धड ऐकूसुद्धा आला नाही. तो सिंधुकडे बघत होता.

"चाचा," ती म्हणाली, "मंग पाय म्याच घालवला म्हना की."

उभ्या जन्मात जिलानीनं हत्याराबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. ते त्यानं आता सांगितलं. "न्हाई, बाई. तेलाचा काय दोस न्हाई. रायफलच जुनी हाय, तिचा नेम कधी धड बसतच न्हाई."

सिंधुनं नाही म्हणून मान हलवली. झाकण फिरत फिरत तिच्याच हातात आलं होतं, आणि ती एकमेकांना खेटलेल्या त्या पाच भोकांवरून बोट फिरवत होती.