बाणाखालचा मेल

उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही तळव्यात दुमडा. दुमडली? आता माउस धरा आणि पडद्यावरच्या हरभऱ्याएवढ्या खुणेवर क्लिक करून दाखवता का?

उज्वला सानपला हे रोज करावं लागायचं. "चुकून डिलीट झालं," असं ती म्हणाली की लोक हसायचे. हसणाऱ्यांची दहाही बोटं शाबूत असायची.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात उज्वला आठ वर्षं पॉवर प्रेसवर होती. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडायचा, तयार नग बाहेर काढायचा. दिवसाला दोन-अडीच हजार वेळा. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असेल तर ठोका पडताच कामा नये. चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर बंद होता. एकवीस जूनला ठोका पडला आणि दोन बोटं गेली.

चौकशीच्या कागदावर शब्द आले, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तो कागद घरी पोचला आणि सासू बयाबाई म्हणाली, "लक्ष कुठं व्हतं गं तुझं? सायबानं लिवलंय म्हणं." बोटं गेली तेव्हा उज्वला रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

कारण अपघाताच्या बारा दिवस आधी, नऊ जूनला, तिनंच कामगार संघटनेच्या पत्त्यावरून कारखान्याला मेल टाकला होता. 'चार नंबरच्या प्रेसमध्ये आम्ही झाडूचा दांडा घालून बघितला. प्रेस थांबली नाही. दांड्याचे दोन तुकडे झाले. सेन्सर दुरुस्त करावा ही विनंती.' आता यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा! पण एचआरचे अमित साहेब चौकशीत टाय सरळ करत म्हणाले, "असा मेल आम्हाला मिळालाच नाही. तुम्ही पाठवला असेल. पोचला नसेल." तिनं पाठवल्याची प्रिंट पुढं केली. पोचल्याची प्रिंट कुठून आणायची? फेरचौकशी मागितली, दोन वर्षांनी ती मिळाली. सोबत सूचना, 'नवा पुरावा असल्यास आणावा.'

तोवर उज्वला नाशिकला द्वारका चौकाजवळ संघटनेच्या खोलीत बसून कागदपत्रं सांभाळू लागली होती. खोलीखाली शेखरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वरच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम रंगीत, चित्रांचा, बटणाबटणांचा. उघडायला लावला की चहा पिऊन व्हायचा. उघडला की माउस घसरायचा, आणि हवा तो मेल सोडून भलताच पुसला जायचा.

एक दिवस तिचं डोकं फिरलं. "शेखरभाऊ, हे डबडं मी खिडकीतून खाली फेकणार आहे!"

"खाली मीच बसतो, ताई. जरा बाजूला फेका."

जिना चढून शेखर वर आला. त्यानं कॉम्प्युटरकडे बघितलंच नाही, तिच्या हाताकडे बघितलं. "माउस तुमच्यासाठी बनलेलाच नाही. सोडून द्या त्याला."

"मग काय, मंत्र म्हणू?"

त्यानं तासभर खटपट केली. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या. ना चित्र, ना बटण.

उज्वला भडकलीच. "तीन बोटांची बाई म्हणून मला हे उतरवलेलं देता होय? रंग कुठं गेले?"

"रंगांनीच तर तुमचा वेळ खाल्ला. हा मेलचाच प्रोग्रॅम, साधा. याचं नाव मट."

"मटकी?"

"नुसतं मट. एक अक्षर, एक काम. 'जे' दाबा, खाली जाल. 'के' दाबा, वर याल. दाबून तर बघा."

तिनं करंगळीनं 'जे' दाबलं.

एका मेलवरची उजळ पट्टी झटकन खालच्या मेलवर गेली. विचार करत बसली नाही, गोल फिरणारं चक्र दाखवलं नाही. दाबलं आणि झालं. आठ वर्षं तिनं असंच यंत्र ओळखलं होतं, पाय टेकताच ऐकणारं. कॉम्प्युटरही ऐकू शकतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. दहा वर्षांचे नऊ हजार मेल, आलेले आणि गेलेले, सगळे शेखरनं एकाच ढिगात आणले होते, आणि ते तिच्या करंगळीसमोर शिस्तीत सरकत होते. आठवड्याभरात तिचा हात असा बसला की खाली गिऱ्हाईक सोडून शेखर मुद्दाम बघायला यायचा.

फेरचौकशीला दोन दिवस उरले होते. भर दुपारी उज्वलानं त्या जून महिन्याचे मेल बाजूला काढले. तिचा नऊ जूनचा मेल दिसला. त्याच्याखाली एक बारीक बाण, आणि बाणाला लटकलेला दुसरा मेल. चौदा जून, पाठवणारे अमित साहेब, विषय 'शनिवारी कँटीन बंद राहील'.

ती जिन्यातून ओरडली, "शेखरभाऊ! हे कँटीन माझ्या प्रेसखाली काय करतंय?"

शेखरनं वर येऊन बघितलं आणि हातातला ग्लास टेबलावर ठेवला. "ताई, हा नवा मेल नाही. तुमच्या मेलला रिप्लाय आहे."

"माझ्या तक्रारीचं यात अक्षर नाही!"

"पुसलंय. पत्ता कोण शोधत बसणार, म्हणून तुमचाच मेल उघडला, रिप्लाय दाबला, खालचं खोडलं, विषय बदलला. निम्मी ऑफिसं असंच करतात. विषय बदलला म्हणून आधीचा प्रोग्रॅम याला वेगळा दाखवायचा. मट विषय बघत नाही. बाप बघतो." मग तो समजावून सांगू लागला. "प्रत्येक मेलला निघतानाच एक नंबर पडतो, गाडीच्या चासीवर असतो तसा. रिप्लाय केला की जुन्याचा नंबर नव्याच्या पोटात जातो. मजकूर पुसला तरी तो राहतो. 'एच' दाबा."

तिनं दाबलं. कँटीनच्या मेलच्या एरवी झाकलेल्या ओळी धडाधड वर आल्या. मेल कुठून निघाला, कुठे पोचला, किती वाजून किती सेकंदांनी. त्यातच, हा कशाला रिप्लाय आहे ते सांगणारा एक लांबलचक नंबर होता. उज्वलानं स्वतःच्या नऊ जूनच्या मेलचा नंबर कागदावर उतरवला आणि कागद पडद्याला लावला. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा तिचा हात पडद्यावरच राहिला.

दोन वर्षं! दोन वर्षं ती दारोदार पुरावा शोधत हिंडली, आणि पुरावा तिच्याच पेटीत, कँटीनच्या सुट्टीच्या पोटात, गुपचूप बसून होता. साहेबांनी सगळं पुसलं होतं, पण यंत्रानं मनाशी धरून ठेवलं होतं. तिनं पडद्याला नमस्कार केला. शेखर हसला नाही.

फेरचौकशीत तिनं शेखरचा लॅपटॉप उघडला. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "हे काळं काय आहे?"

"मेलबॉक्सच आहे, साहेब. फक्त सजवलेला नाही."

अधिकारी दोन्ही नंबर स्वतः वाचत गेले. मग अमित साहेबांकडे वळले. "कँटीनचा मेल तुमचाच?"

"हो, तो रुटीन होता..."

"जो मेल तुम्हाला मिळालाच नाही, त्यावर रिप्लाय कसा दाबलात?"

अमित साहेबांचा हात टायकडे गेला आणि तिथंच थांबला.

नव्या कागदावर 'निष्काळजीपणा' नव्हता. 'सेन्सर बंद असल्याची माहिती कारखान्याला अपघाताच्या किमान सात दिवस आधी होती,' असं होतं. उज्वलानं तो घरी मोठ्यानं वाचला. बयाबाई म्हणाली, "परत वाच." परत वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तेव्हा म्हातारीनं तिचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही प्रेसवर असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी असेल, तर एक काम करा. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लांब उभं राहून झाडूचा दांडा आत घालून बघा. प्रेस थांबली नाही, तर त्याच दिवशी मेल टाका, आणि नंतर साहेबाकडून जे काही येईल, अगदी कँटीनच्या सुट्टीची सूचनासुद्धा, पुसू नका. पण आधी दांडा घाला. हात घालू नका.