नसलेला नियम

पुढे जे लिहितो आहे ते आजवर मी कोणापाशी बोललो नाही. मुलीपाशी नाही, विहारातल्या सोबत्यांपाशी नाही, आणि ज्या कचेऱ्यांना उभ्या आयुष्यात पत्रे लिहिली त्यांच्यापैकी एकीलाही नाही. पत्र लिहिणे हा माझा स्वभाव आहे. नळाला गढूळ पाणी आले — पत्र. मराठी शाळेतली शिक्षकाची जागा रिकामी राहिली — पत्र. बसवकल्याणहून उमरग्याला जाणारी बस विनासूचना बंद झाली — पत्र, मग स्मरणपत्र, मग माहितीच्या अधिकारातला अर्ज. मग हे एकच पत्र का राहिले? कारण यात प्रतिवादी मी आहे. हे वाक्यसुद्धा मला फार सहज सुचले. म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका. जरा थांबून लिहितो.

मी न्यायालयात नोकरी केली. टंकलेखक म्हणून लागलो, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो — म्हणजे कोर्टाचे सगळे कागद ज्याच्या हाताखालून जातात तो मुख्य कारकून. पण वर चढलो तरी जुने वकील मला जुन्याच नावाने हाका मारत. "टायपिस्टसाहेब, जरा इकडं या की!" आणि हसत. मी हसत नसे. हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येतो.

माझी पत्नी निर्मला मराठी माध्यमाच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. गाव तिला अजून 'बाई' म्हणते. निवृत्तीनंतर काचबिंदूने तिची दृष्टी गेली — आधी कडेकडेने, मग मधली. जिने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचायला शिकवले तिला मी वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. ते तिला रुचत नसे. "तुम्ही बातमी वाचत न्हाई, बातमीवर भांडता," असे ती म्हणे. खरे होते. अर्ध्या बातमीवर थांबून मी चिडत असे, आणि उरलेली बातमी तशीच राही.

पुण्याच्या मुलीने मग आमच्या संगणकावर एक प्रणाली बसवून दिली. ती कोणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरची माणसे आपापल्या घरी बसून ती घडवतात, आणि ज्याला हवी त्याला ती मोकळी असते. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचते — मराठीतसुद्धा. पण ते मराठी! पूर्णविरामापाशी न थांबता पुढच्या वाक्यात घुसणारे, प्रश्न विचारताना हुकूम सोडल्यासारखे बोलणारे. पहिल्याच दिवशी निर्मला पोट धरून हसली. "ह्याला पहिलीत बसवा," म्हणाली. मी मात्र संतापलो, आणि अर्थातच त्या लोकांना पत्र लिहिले. मुद्देसूद, क्रमांक घालून. उत्तर आले: आपले म्हणणे योग्य आहे, दुरुस्ती आपणच पाठवावी. तक्रार करणाऱ्याच्याच हाती काम देण्याची तिथली रीत आहे. आयुष्यात प्रथमच मला भांडायला समोर कोणी सापडले नाही.

आम्ही कामाला लागलो. आम्ही — हा शब्द मी इथे प्रथम खरा लिहितो आहे. ती ऐकत असे. चुकले की टेबलावर बोटाने टकटक करी, योग्य कसे ते म्हणून दाखवी, श्वास कुठे घ्यायचा ते सांगे. मी ते नियमांच्या तक्त्यात बसवून पाठवत असे. प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी तिथे एक ओळ घालावी लागते: हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला अधिकार आहे. खाली नाव. कोर्टात शपथपत्राखालची अशीच ओळ मी हजारो लोकांकडून म्हणवून घेतली आहे. तिची किंमत मला कोणी सांगायला नको. दुरुस्त्या पाठवण्याचे तिथले खाते मी उघडले होते, म्हणून नाव माझे पडत गेले. निर्मला म्हणाली होती, "सध्या तुमचंच लावा. पुढचं पुढं बघू." तोवर — निदान तोवर — आमच्यात काही लपलेले नव्हते.

मग मराठी आवाजाची जबाबदारी सांभाळणारे गृहस्थ ती सोडून गेले. तिथे कोणी कोणाला नेमत नाही. ज्याला जबाबदारी हवी त्याने चारचौघांत ती मागायची, आजवर काय केले ते लिहायचे. सोबत काम केलेले लोक पाठिंबा देतात किंवा हरकत घेतात, आणि ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही तर जबाबदारी त्याची. इतरांनी पाठवलेले काम घ्यायचे की परत करायचे, हे मग तोच ठरवतो.

"मी मागते," निर्मला म्हणाली.

तिला पुन्हा एखाद्या गोष्टीची मुख्याध्यापिका व्हायचे होते. इतकी साधी गोष्ट होती ती. अंधारात बसल्यापासून तिने एवढे एकच मागितले होते. तिने अर्ज सांगितला, मी टंकित केला. सुरेख अर्ज होता. आपले शिक्षण, आपली शाळा, दृष्टी गेल्याची गोष्ट — तीही एका ओळीत, रडगाणे न गाता. कोणत्या दुरुस्त्या का केल्या याची कारणे. आणि शेवटी एक वाक्य — "माझे पती टंकलेखन करतात."

तुम्ही म्हणाल, यात काय होते? काहीच नव्हते. ते अक्षरशः खरे होते. तिच्या मनात टोमणा नव्हता. उलट मदतनिसाचा उल्लेख राहू नये एवढाच तिचा सरळपणा होता. पण मी ते वाक्य पडद्यावर पाहिले आणि मला वकिलांची ती जुनी हाक ऐकू आली. माझ्याच घरात, माझ्याच बोटांनी लिहिलेले. ती उठून चहा ठेवायला गेली — ओट्यापर्यंतची वाट तिला पाठ होती. मी ते वाक्य खोडले. मग शाळा खोडली. मग दृष्टी. मग तिचे नाव खोडून माझे घातले, आणि एक वाक्य नवे लिहिले: या सर्व दुरुस्त्या मी स्वतः ऐकून केल्या आहेत. आणि अर्ज पाठवून दिला. ती चहा घेऊन आली तेव्हा काम झालेले होते.

"गेला का?"

"गेला," मी म्हणालो.

हे रागाच्या भरात झाले असे म्हणता येईल. पण राग किती वेळ टिकतो? मुदत संपेपर्यंत मला रोज माघार घेता आली असती. ती रोज विचारत असे. "काय करायलेत ते लोक एवढे दिस? अर्ज हाय का जामीन?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत असे. कोणी हरकत घेतली नाही. जबाबदारी मला मिळाली. लोकांनी अभिनंदन केले, माझ्या कानाचे कौतुक केले. माझ्या कानाचे!

आता तिला काय सांगायचे? खरे सांगायचे धैर्य नव्हते; आणि अर्ज नाकारला म्हणावे तर ती कारण विचारणार. म्हणून मी नियम सांगितला. म्हणालो, ज्याच्या नावावर खाते असेल त्यालाच ही जबाबदारी मिळते, दुसऱ्या कोणालाही नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणून त्यांनी ती माझ्या नावावर टाकली. असा नियम नव्हता. कोणत्याही पानावर नव्हता. मी तो उभ्या उभ्या घडवला. दर पौर्णिमेला विहारात खोटे न बोलण्याचे शील मोठ्या आवाजात घेणारा मी. कायद्याच्या एका चुकीच्या आकड्यासाठी वरिष्ठांशी भांडलेला मी. तिने आयुष्यभर माझ्या सगळ्या मतांना आव्हान दिले — माझ्या नियमांना कधीच नाही. त्यात मी चुकत नाही, हे तिने जगाला सांगितले होते. मी नेमक्या त्याच जागी तिला फसवले.

ती म्हणाली, "मग लिवा की त्यांना! जगाला पत्रं लिवता. माझ्यासाठी एक न्हाई?"

इथून पुढे लिहायला हात धजत नाही. मी पत्र लिहिले. मी स्वतः घडवलेल्या त्या नियमाविरुद्ध, आयुष्यातले सर्वांत जळजळीत पत्र. अंध व्यक्तीच्या अधिकारांबद्दल, श्रम एकाचे आणि मान दुसऱ्याचा या अन्यायाबद्दल. तिला वाचून दाखवले — मध्ये न थांबता, पहिल्यांदाच. तिने चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. म्हणाली, "एवढं चांगलं तुम्ही कधी लिवलं नव्हतं." ते पत्र मी कधीच पाठवले नाही. कोणाला पाठवणार होतो? पुढे तिने एकदा-दोनदा विचारले. मी म्हणालो, उत्तर नाही. कचेऱ्या उत्तर देत नाहीत याची आमच्या घराला सवय होती.

आणि ती काम करत राहिली! हे तुम्हाला समजते आहे ना? माझ्या नावाखाली, त्या नियमाचा मान राखून, ती त्या आवाजाला शिकवत राहिली. होता होता तो आवाज माणसासारखा वाचू लागला. इतका, की तिला माझी गरज उरली नाही. स्वतः मेल ऐकू लागली, हलिखेडच्या बहिणीला उत्तरे पाठवू लागली. मला आनंद झाला का? झाला. आणि भीतीही वाटली. कारण त्या लोकांचा सगळा व्यवहार उघडा असतो. अर्ज, पाठिंबा, हरकती — सगळे कोणालाही वाचता येते, कायम. मला हे ठाऊक होते. तिला अजून नव्हते.

माझा नियम पाळण्यासाठीच ती एक दिवस त्या लोकांच्या पानांवर गेली. खाते हवे ना? मग मी स्वतःचे खाते उघडते, म्हणजे पुढच्या वेळी अडचण नको — असे तिने मनाशी ठरवले होते. मला चकित करायचे होते म्हणून सांगितले नव्हते. मी भाजी घेऊन बाजारातून आलो. ती खुर्चीत ताठ बसली होती, संगणक ऐकायचा इअरफोन कानातून काढून मांडीवर ठेवलेला. मी कोथिंबीर महाग झाल्याबद्दल काहीतरी बोलत आत गेलो. तिने बोलू दिले. मग शांतपणे विचारले,

"त्यो नियम कितव्या कलमात हाय?"

वकिलांना तोंडपाठ कलमे सांगणारा मी — पिशवी हातात धरून उभा राहिलो. तिने बराच वेळ वाट पाहिली. वर्गात मुलाला उत्तर येत नाही हे कळल्यावरही बाई थोडा वेळ थांबतात, तशी. मग उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली.

ती ओरडली नाही. मुलीला सांगितले नाही. त्या दिवसापासून तिने आवाजाचे काम थांबवले, एवढेच. काही दिवसांनी मी म्हणालो, मी त्या लोकांना सगळे खरे लिहितो, तुझे नाव लावायला सांगतो. ती म्हणाली, "आनिक एक पत्र? पहिलं तरी कुठं पोचलं?" पत्र पाठवले नव्हते हेही तिने शोधले होते. आणि खरे ते मी लिहिलेही नाही. लोक चुका कळवत राहिले. मला त्या ऐकूच येत नव्हत्या. शेवटी प्रकृतीचे कारण देऊन मी जबाबदारी सोडली. प्रकृतीला काही झालेले नव्हते. त्यांनी फार आदराने निरोप दिला. तिचे नाव तिथे आजही कुठे नाही.

आम्ही एकाच घरात राहतो. ती माझ्याशी बोलते — जेवणाबद्दल, पाण्याबद्दल, कोण वारले त्याबद्दल. पण मी वाचून दाखवलेले ती आता तसेच स्वीकारत नाही. मी औषधाच्या वेळा वाचतो. ती शेजारच्या अक्काला पुन्हा विचारते.

मागच्या रविवारी मुलीचा मेल आला. निर्मला पीठ मळत होती, म्हणून म्हणाली, "वाचा." मी वाचला. नातवाची परीक्षा, नवे भाड्याचे घर, दिवाळीला येण्याचे. मध्ये एक वाक्य होते: "आई, माझ्या ऑफिसमधला एक अंध मुलगा बाबांनी घडवलेला आवाज वापरतो, मी अभिमानाने सांगितलं की हे माझ्या वडिलांचं काम." मी ते वाक्य गाळले. ठरवून नाही — डोळा तिथे पोचला आणि पुढच्या ओळीवर गेला. शेवटी 'तुमची लाडकी' वाचून थांबलो.

तिने हात धुतले, पुसले. संगणकापाशी बसली आणि मेल पहिल्यापासून लावला. कानात काही न घालता, मोठ्याने. नातवाची परीक्षा झाली, नवे घर झाले. मग ते वाक्य आले. आवाजाने ते फार छान वाचले — 'अभिमानाने' या शब्दापाशी किंचित सावकाश, जसे तिने त्याला शिकवले होते.

मी दारात उभा होतो. तिने मान वळवली नाही. उरलेला मेल ऐकून घेतला, आणि पुन्हा पीठ मळायला गेली.