आरशाशेजारची फ्रेम

आमच्या राज्यात केस कापणाऱ्या बाईने आपला परवाना आरशाशेजारी टांगलेला असावा, असा नियम आहे. ऑर्लीनच्या पार्लरमध्ये तीन खुर्च्या. पहिलीपाशी खुद्द ऑर्लीनचा परवाना, इतका जुना की त्यातल्या फोटोत तिचे केस काळे आहेत. दुसरी खुर्ची बरेच दिवस रिकामी. तिसरीपाशी, पितळी खिट्ट्यांच्या एका लाकडी फ्रेममध्ये, केंड्रा पुलियमचा परवाना. त्यावर फोटो नव्हता. जाड ठशात दोनच गोष्टी होत्या: ‘तात्पुरता’ आणि ‘३० सप्टेंबरपर्यंत’.

मी एकतीस वर्षं फिरत्या नाटक कंपन्यांतून नाचले, गायले. त्यामुळे ‘तात्पुरता’ हा शब्द मला चांगला ओळखीचा. मुख्य नटी आजारी पडली की तिचा झगा पिना लावून अंगावर चढवायचा, पडदा वर जायचा, आणि उद्या आपण असू की नाही हे कुणी सांगायचं नाही. केंड्राच्या आरशात बघताना मला तो झगा आठवायचा.

केंड्रा एप्रिलमध्ये आमच्या गावात आली. नवरा डॅरिल गावाजवळच्या लष्करी छावणीत सार्जंट, रणगाड्यांच्या तुकडीतला. जूनमध्ये त्याला नऊ महिन्यांसाठी पोलंडला धाडलं. मागे उरल्या केंड्रा आणि सात वर्षांची ब्रिया. अकरा वर्षांच्या संसारातलं हे चौथं घर. त्यांच्या प्रत्येक खुर्ची-टेबलाच्या पोटाखाली सामान हलवणाऱ्यांच्या रंगीत चिकट्या आहेत. दर बदलीला नवा रंग.

फौजेतल्या माणसाची बदली झाली की त्याच्या बायकोला आमच्याकडे सहा महिन्यांचा तात्पुरता परवाना लगेच मिळतो. त्या मुदतीत परवाने देणारं मंडळ जुन्या राज्यांकडे चौकशी करतं आणि मग कायमचा देतं. न दिला, तर मुदत संपलेल्या दिवशी कात्री खाली.

गिऱ्हाइकं ती तारीख वाचायची. बोलूनही दाखवायची.

“काय गं केंड्रा,” डोक्याला रोलर लावलेल्या मिसेस स्टॅनफिल एकदा म्हणाल्या, “ऑक्टोबरच्या पाच तारखेला माझ्या नातीचं लग्न आहे. तोवर असशील ना कायदेशीर?”

“नसले तर चर्चच्या मागच्या दाराने येईन, मॅडम.”

सगळ्या हसल्या. केंड्राही हसली, पण कंगवा पुसायचं काम तिने दोनदा केलं.

हात म्हणाल तर सोन्याचे. माझ्या डोक्यावर आता मोजून काढता येतील इतके केस उरलेत. दर गुरुवारी ती त्यांना असं उभं करायची की मी रस्त्याने जाताना उगाच मान वळवायची. “मिस व्हर्ना, मान खाली,” ती म्हणायची. “तुम्ही मान वर केलीत की मला वाटतं, आता टाळ्या वाजवाव्या लागणार.”

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी ड्रायरखाली बसले होते. केंड्रा आली आणि एक कागद माझ्या मांडीवर ठेवून उभी राहिली. ती काहीतरी बोलत होती. ड्रायरच्या घोंघाटात मला फक्त ओठ दिसत होते. मी टोप वर ढकलला.

“वाचा,” ती म्हणाली. “मोठ्याने नको.”

पत्र मंडळाचं होतं. आपण अर्जात तीन राज्यांचे परवाने दाखवलेत. चौकशीत चौथ्या राज्याचाही आढळला: अलास्का. ही खोटी माहिती का मानू नये, हे चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता समक्ष येऊन सांगावं.

“अलास्का?” ऑर्लीन माझ्या खांद्यावरून वाचत होती. “पोरी, तू अलास्काला कधी होतीस?”

“कधीच नाही,” केंड्रा म्हणाली. मग ती दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीत हळूच बसली. “अरे देवा. अलास्का.”

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी ते टेक्ससला असताना डॅरिलला अलास्काला बदलीचा हुकूम आला. केंड्राची रीत ठरलेली: हुकूम आला की सासूला कळवायच्या आधी परवान्याचा अर्ज. पाच आठवड्यांत अलास्काचा परवाना घरपोच आला. आणि सामानाचा ट्रक यायच्या नऊ दिवस आधी हुकूम रद्द झाला. त्याऐवजी हवाई. रद्द हुकूम आणि तो परवाना एका फाइलमध्ये गेले, आणि फाइल कुठे गेली कुणास ठाऊक.

“पण अर्जात लिहायला काय झालं होतं?” मी विचारलं.

तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. ती फ्रेम तिच्या मावशीची. मावशीचं मोबील गावात पार्लर होतं, तिथेच केंड्रा ही कला शिकली. नव्या गावी नवा परवाना आला की ती जुना काढत नसे, त्याच्यावरच ठेवायची. सगळ्यात खाली जॉर्जिया, मग टेक्सस, मग हवाई, वर आमचा तात्पुरता.

“मी फ्रेम उघडली, मिस व्हर्ना, आणि अर्जात उतरवून काढलं. खालपासून वरपर्यंत. अलास्काचा कधी भिंतीवर चढलाच नाही.”

तिच्या डोक्यावर दोन ओझी होती. तीस तारखेपर्यंत कायमचा परवाना नाही आला, तर खुर्ची सोडायची. ते एक वेळ सोसलं असतं. दुसरं होतं ते ‘खोटी माहिती’. डॅरिलची पेन्शन अजून नऊ वर्षं लांब, म्हणजे अजून तीन तरी बदल्या. आणि प्रत्येक राज्याच्या अर्जात एक प्रश्न असतोच: आपला परवाना कधी नाकारला गेला आहे काय, किंवा आपल्याला ताकीद मिळाली आहे काय? तिथे एकदा ‘होय’ लिहिलं की पुढच्या प्रत्येक गावात आधी आरोपी, मग केंड्रा.

ऑर्लीनचा सल्ला तयार होता. तिचाही नवरा फौजेतून निवृत्त झालेला. “सरळ सांग, आठवत नाही.”

“आठवतंय ना पण.”

“मग रडून दाखव. नवरा परदेशात, पदरात लेकरू.”

“मी एकदा सुरू केलं ना ऑर्लीन, तर डॅरिल परत येईपर्यंत थांबायची नाही.”

पुढच्या रविवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. गॅरेजमध्ये खोकी मांडून ती आणि ब्रिया फाइल शोधत होत्या. एका खोक्यावर ‘बाथरूम’ लिहिलं होतं आणि दोन रंगांच्या चिकट्या होत्या. टेक्सस सोडल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं. आत पायपुसणं, अर्धी शांपूची बाटली आणि कागदात नीट गुंडाळलेली कचऱ्याची टोपली निघाली.

“मम्मी, त्यांनी कचरासुद्धा पॅक केलाय!” ब्रिया ओरडली.

टोपलीखाली फाइल. स्वतःबरोबर न्यायच्या वस्तू केंड्राने बाथरूममध्ये ठेवून दारावर ‘इथलं उचलू नका’ अशी चिठ्ठी लावली होती; हमालांनी बाथरूम उचललं, चिठ्ठीसकट. चिठ्ठीही निघाली. पत्र आल्यापासून केंड्रा पहिल्यांदाच खळखळून हसली. मग तिने अलास्काचा परवाना उजेडात धरला. कोरा करकरीत. मुदत केव्हाच संपलेली. हसू तिथेच थांबलं.

मी तिची तालीम घेतली. माझा तो हक्कच होता. माझ्या ओसरीवर तिला उभं करून भाषण बसवून घेतलं: “सन्माननीय सदस्यहो, माझी मावशी म्हणायची...” इथे श्वास, इथे थांब, इथे समोर बघ. चौथ्या खेपेला तिने ते असं म्हटलं की पायऱ्यांवर बसलेल्या ब्रियाने टाळ्या वाजवल्या. मी निर्धास्त झाले. ती नाही. “हे माझ्या तोंडात दुसऱ्या कुणाचे दात घातल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली.

चोवीस तारखेला ब्रियाला शाळेत सोडून आम्ही निघालो. राजधानी दीड तासावर. रेडिओ बंद. फाइल घेतली की नाही हे बघायला तिने दोनदा गाडी थांबवली. वाटेत पोलंडहून फोन आला.

“मी काहीतरी लिहून दिलं असतं ना,” डॅरिलचा आवाज गाडीभर घुमला. “सार्जंट म्हणून.”

“तू गप्प बस. तुझ्याच कागदांत अडकलेय मी.” मग हळू आवाजात, “जेवलास का?”

लांब टेबलामागे पाच सदस्य बसले होते. अध्यक्षबाईंचा अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्या गेलेल्या. त्यांच्या शेजारी एक म्हातारे न्हावी, चापूनचोपून टाय बांधलेले. पहिला प्रश्न त्यांचाच.

“मॅडम, परवाना मिळालेला माणूस विसरतो कसा? मला माझा मिळाला तो दिवस अजून आठवतो. आईने केक केला होता.”

केंड्राने तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. ती शांतता मी ओळखते; दिवे अंगावर असतात आणि डोकं पुसून गेलेलं असतं. मी दुसऱ्या रांगेत बसून ओठ हलवू लागले: सन्माननीय सदस्यहो... सन्माननीय... तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

तिने पिशवीतून फ्रेम काढली. सकाळी भिंतीवरून उतरवून आणली होती. टेबलावर काच खाली करून ठेवली, आणि पितळी खिट्ट्या एकेक करून वळवल्या. ती कामावरच होती जणू.

“हा जॉर्जिया. डॅरिलची पहिली छावणी. आरसा तडकलेला होता. हा टेक्सस. ब्रिया झाली तेव्हा मी खुर्चीशेजारी पाळणा ठेवायचे. हा हवाई. आरशाला समुद्राच्या वाऱ्याने डाग पडले होते.” मग फाइलमधून तो कोरा करकरीत परवाना काढून तिने बाजूला ठेवला. “आणि हा अलास्का. ह्याला आरसाच मिळाला नाही. सर, तुम्हाला तो दिवस आठवतो. मला पाच मिळालेत. मला दिवस नाही आठवत, आरसे आठवतात.”

म्हाताऱ्या न्हाव्यांनी अलास्काचा परवाना जवळ ओढून वाचला.

“अर्जात सगळे लिहा असं स्पष्ट लिहिलं होतं,” ती म्हणाली. “मी सगळे लिहिले नाहीत. चूक माझी आहे. खोटं मात्र नाही.”

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर पाच मिनिटं गेली, दहा गेली. केंड्राची नजर माझ्या मानेवर स्थिरावली.

“मागून चपटे झालेत,” असं म्हणत तिने बोटांनी केस उचलायला सुरुवात केली.

“अगं, मंडळाच्या दारात!”

“तीस तारखेपर्यंत कायदेशीर आहे मी. मान खाली.”

मी मान खाली घातली. तिची बोटं बर्फासारखी होती.

निकाल तीन विरुद्ध दोन. न्हावीबुवांचा हात तिच्या बाजूने वर गेला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसून रडले. माहिती खोटी नव्हे, चुकलेली. परवाना मंजूर. पण मंडळाच्या नोंदीत एक लेखी ताकीद राहील, आणि पुढे कुठेही अर्ज करताना ती सांगावी लागेल.

“म्हणजे ‘होय’ लिहावं लागणारच,” गाडीत बसल्यावर ती म्हणाली.

“लागेल,” मी म्हणाले. ह्यावर बसवण्यासारखं भाषण माझ्याकडे नव्हतं.

एकोणतीस तारखेला पाकीट आलं, तेव्हा मी केंड्राच्या खुर्चीत होते; अर्ध्या केसांनिशीच उठून बघायला गेले. दोन कागद. परवान्यावर फोटो होता, डोळे अर्धवट मिटलेला. मिसेस स्टॅनफिलनी नातीच्या लग्नासाठी केंड्राची वेळ तिथल्या तिथे ठरवून टाकली. ऑर्लीनने ताकीद वाचली आणि नाक मुरडलं.

“फाडून टाक ही.”

“आणि पुढच्या गावात काय लिहू? मी फ्रेममधूनच उतरवते, ऑर्लीन.”

तिने फ्रेम उघडली. टेक्सस आणि हवाईच्या मध्ये अलास्का घातला. आमच्या तात्पुरत्यावर ताकीद ठेवली, आणि सगळ्यात वर नवा परवाना. मागची फळी बसेना. कागद सात झाले होते, आणि खिट्टी अर्ध्यावरून पुढे वळत नव्हती. तिने अंगठ्याने दाबलं, पुन्हा दाबलं. डॅरिल मार्चमध्ये येणार होता. त्याच्या मागोमाग हुकूमही येऊ शकतो, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

मी माझ्या केसांतला एक आकडा उपसून तिला दिला. तिने तो खिट्टीखाली सरकवला. फळी धरली.

एक बट माझ्या कपाळावर आली होती. केंड्राने फ्रेम भिंतीवर टांगली, सरळ आहे का ते मागे सरून बघितलं आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“बसा परत, मिस व्हर्ना. अर्धवट जाऊ देणार नाही मी तुम्हाला.”